आठ नंबरचा बावटा

मंडळी, तुमच्यात कुणी रत्नागिरी-मालवणकडचे असतील तर तीन नंबरचा बावटा म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको. वादळाच्या इशाऱ्याचा तो बावटा बंदरावर लागला की होड्या माघारी वळतात आणि मासळीबाजारात शुकशुकाट होतो. पण आपला बावटा बंदराच्या बाहेर पडत नाही. एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, आज कितवा बावटा लागलाय? तो तुमच्याकडे बघतच राहील. आज ज्या शहराबद्दल बोलायचं आहे तिथे हाच बावटा बंदरातून उठून शाळेत, कचेरीत, कोर्टात आणि बसस्टॉपवर येऊन बसला आहे. ते शहर म्हणजे हाँगकाँग.

आधी हवेबद्दल थोडं. हाँगकाँग साधारण आपल्या बडोद्याच्या अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा खालीच. तरी तिथल्या हवामानाला उपोष्ण म्हणतात, कारण हिवाळ्यात चीनच्या उत्तरेकडून थंड वारे सुटतात. जानेवारीत पारा दहा-बारा अंशांवर येतो. आपल्याला यात काय विशेष वाटणार! पण तिथल्या घरांत शेगडी नाही, हीटर क्वचित, आणि हवा दमट. ती थंडी हाडात शिरते. सरकार 'थंडीचा इशारा' काढतं आणि बेघरांसाठी निवारे उघडतं. २४ जानेवारी २०१६ ला पारा ३.१ अंशांवर उतरला, जवळजवळ साठ वर्षांतला नीचांक. गोठलेलं दव बघायला लोक ताई मो शान या ९५७ मीटर उंच डोंगरावर धावले आणि तिथेच अडकले. रस्त्यावर बर्फाचा असा थर बसला होता की सुटकेला गेलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांनाही धड उभं राहता येईना. कँटनीज आजीबाई सांगतात, पाचव्या चांद्रमासातल्या होड्यांच्या सणाला पानात बांधलेला चिकट भात खाल्ल्याशिवाय गरम कपडे पेटीत टाकू नका. हा सण जूनच्या आगेमागे येतो. तोवर आपण घामाने निथळत असतो, पण आजी म्हणते म्हणजे स्वेटर बाहेरच.

पाऊस वर्षाला साधारण २,४०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या आसपासच. पण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. त्यांचा एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत लांबतो, आणि वर तायफून, म्हणजे समुद्री चक्रीवादळं. खरी गोष्ट इथून सुरू होते.

तिथली वेधशाळा १८८३ ची. सुरुवातीला वादळ जवळ आलं की बंदरात तोफ उडवत. १९१७ पासून नंबर आले. आज नंबर आहेत ते १, ३, ८, ९ आणि १०. मधले कुठे गेले, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. दोन आणि चार केव्हाच गळाले. पाच ते आठ या चारही नंबरांचा अर्थ एकच होता, सोसाट्याचा वारा. फरक फक्त वारा कुठल्या दिशेने येणार याचा. साहजिकच लोकांना वाटायचं, पाच म्हणजे आठपेक्षा बरं. म्हणून १९७३ मध्ये चौघांनाही आठ करून टाकलं आणि पुढे दिशा जोडली. सरकारी खात्याने लोकांची चूक लोकांच्या माथी न मारता आपला आकडा बदलला, हे मला फार आवडतं.

तर नंबर लागतो तेव्हा काय होतं? एक नंबर लागला तर कुणी मान वर करून बघत नाही. इमारतीचा वॉचमन लिफ्टजवळच्या खिळ्याला एक पाटी अडकवतो, इतकंच. तीनला बालवाड्या बंद होतात, त्यामुळे चार वर्षांच्या पोरांना तीन नंबर सगळ्यात प्रिय. आणि आठ लागला, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या वर सलग वारा अपेक्षित असला, की शहर मिटतं. शाळा, न्यायालयं, बहुतेक कचेऱ्या बंद. बस, ट्राम, फेरी टप्प्याटप्प्याने थांबतात. ही फेरी म्हणजे प्रसिद्ध स्टार फेरी. तिचा पाया १८८८ मध्ये दोराबजी नवरोजी या मुंबईहून गेलेल्या पारशी गृहस्थांनी घातला, ते जाता जाता सांगतो.

गंमत आठ लागण्याच्या आधीच्या दोन तासांत असते. वेधशाळा तशी आगाऊ सूचना देते आणि लाखो माणसं एकाच वेळी घरी निघतात. स्टेशनवर दादरच्या पुलाची आठवण यावी अशी गर्दी, पण रांग मोडत नाही. मंडईत पालेभाजीचे भाव चढतात, दुकानांतले पाव आणि पाकिटातल्या शेवया संपतात. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या जातात. त्या पट्टीने काच मजबूत होत नाही, फुटलीच तर तुकडे जरा कमी उडतात, पण फुली मारली की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं. मग घरोघरी माजाँग या सोंगट्यांच्या खेळाचे डाव बसतात. वादळ रेंगाळलं तर काही मंडळी खुशाल मॉलमध्ये सिनेमाला जातात. आणि वादळ नेमकं रात्री येऊन सकाळी ऑफिसच्या वेळेआधी ओसरलं, तर शहरभर एकच विनोद फिरतो: गावातल्या सगळ्यात श्रीमंत उद्योगपतीने अदृश्य कवच लावून सुट्टी अडवली!

नंबरावरचा हा विश्वास फुकट आलेला नाही. १९०६ आणि १९३७ च्या वादळांत प्रत्येक वेळी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात होड्यांवरच जन्मणारी, होड्यांवरच मरणारी कुटुंबं फार. १९०६ नंतर याउ मा ते इथे होड्यांसाठी भिंत घालून आसरा बांधला, तो १९१५ ला पुरा झाला. १९६२ च्या 'वांडा' वादळात १३० मेले. २०१८ ला 'मांगखुत' आलं. दहा नंबर दहा तास लागून होता, साठ हजारांवर झाडं पडल्याच्या तक्रारी आल्या, उंच इमारतींच्या काचा पत्त्यांसारख्या उडाल्या, पण शहरात एकही माणूस मेला नाही.

डोंगरांचंही तसंच. १८ जून १९७२ ला एकाच दिवशी दोन ठिकाणी दरड कोसळून १३८ माणसं गेली. एका ठिकाणी गरिबांची वस्ती होती, दुसऱ्या ठिकाणी सधनांची उंच इमारत. १९७६ मध्ये पुन्हा दरड आली, तेव्हा १९७७ ला उतारांसाठी वेगळं सरकारी कार्यालयच उघडलं. आज तिथल्या सुमारे साठ हजार उतारांची नोंद आहे. फिरायला गेलात तर नीट बघा. सिमेंटने लिंपलेल्या दरडीच्या पायथ्याशी हातभर उंचीवर छोटी पाटी असते, तिच्यावर नंबर. पाणी झिरपायला नळ्यांची तोंडं ठेवलेली, आणि वर जायला एक अरुंद जिना, तपासणीसाला चढता यावं म्हणून. त्या नंबरावरून दरडीची देखभाल कुणी करायची हे शोधता येतं. माळीण २०१४ ला गेलं, इरशाळवाडी २०२३ ला. आपल्या सह्याद्रीतल्या किती उतारांना असा नंबर आणि असा धनी आहे, हे तुम्हीच आठवून बघा.

पावसाचेही रंग आहेत. तासाला ३० मिलिमीटर झाला की पिवळा, ५० ला लाल, ७० ला काळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्या दुपारी ऑफिसात बसलेल्या मुंबईकराने निघायचं की थांबायचं, हे ठरवणारा नियमच नव्हता. ज्याने त्याने आपापल्या अकलेने ठरवलं, आणि निघालेले अडकले. हाँगकाँगचा नियम साधा आहे: काळा इशारा असताना जिथे आहात तिथेच थांबा. आपल्याकडे आता रेड अलर्ट येतात, पण सुट्टी जाहीर होईस्तोवर पोरं शाळेच्या फाटकात पोचलेली असतात.

म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अकरा ते बारा या एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस पडला. १८८४ पासूनच्या नोंदींत असा तास नाही. काळा इशारा लागला, तरी रस्त्यांचे ओढे झाले होते, वोंग ताय सिन स्टेशनात पाणी जिन्यावरून खाली धावत होतं.

शिवाय नंबर सगळ्यांना सारखा लागत नाही. 'मांगखुत' रविवारी आलं. हाँगकाँगमध्ये तीन लाखांवर घरकामगार बायका आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. कायद्याने त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं, आणि आठवड्याची सुट्टी बहुतेकींची रविवारी असते. एरवी त्या सेंट्रल भागात पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात, घरी फोन लावतात, केस कापून घेतात. वादळाच्या रविवारी जायचं कुठे? मालकाच्या घरात थांबलं की हातात काम येतंच. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नंबर उतरला म्हणून सगळं शहर कामावर निघालं. रुळांवर, रस्त्यांवर झाडं आडवी पडलेली, आणि ताय वाय स्टेशनात माणसांचा समुद्र. वारा थांबला होता, पण वाट मोकळी झाली नव्हती, आणि त्यासाठी कुठलाच नंबर नव्हता.

ओलीलाही नंबर नाही. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरून उबदार ओलसर वारा येतो आणि हिवाळ्याने गार पडलेल्या भिंतींवर त्याचं पाणी होतं. लिफ्टच्या दारावर थेंब ओघळतात, फरशी पुसली तरी ओली, कपाटातल्या चामडी बुटांवर हिरवी बुरशी. तिथे राहायला गेलेली आपली मराठी बाई सवयीने हवा खेळावी म्हणून खिडकी उघडते, आणि शेजारीण धावत येऊन बंद करायला लावते, कारण ओल बाहेरूनच येत असते. मग हवेतलं पाणी ओढणारं यंत्र दिवसभर घुमतं आणि संध्याकाळी त्याची टाकी मोरीत ओतायची. यंत्र ठेवायला जागा असेल तर. एका फ्लॅटचे पाच-सहा तुकडे करून भाड्याने दिलेल्या खोल्यांत माणसं राहतात, तिथे पलंगानंतर उरते ती चालायची वाट.

आणि आठ नंबरचा दराराही आता थोडा उतरला आहे. पूर्वी तो लागला की शेअर बाजार बंद व्हायचा. २३ सप्टेंबर २०२४ पासून वादळातही सौदे चालू राहतात. तिथल्या बँकांत काम करणारी आपली मराठी मुलं यावर खट्टू आहेत. दिवाळीची सुट्टी हाँगकाँगमध्ये नाहीच. आठ नंबरची होती, तीही गेली.