प्रिंटर घेताना आधी कार्ट्रिज पाहा

मंडळी, लेझर प्रिंटरमध्ये अर्ध्यात अडकलेला कागद ओढून काढलात, तर त्यावरची अक्षरं बोटानं पुसली जातात. कारण ती शाई नसतेच. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची अतिशय बारीक पूड. लेझरचा किरण ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावर, अक्षरांचा आकार विद्युतभाराच्या रूपात उमटवतो, पूड तिथं चिकटते, ड्रमवरून कागदावर येते आणि शेवटी साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या रोलरखाली वितळून पक्की बसते. अडकलेला कागद त्या रोलरपर्यंत पोचलेलाच नसतो. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली ही कोरडी छपाई करून दाखवली, पुढे झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी तिला लेझरची जोड दिली.

हे आधी सांगितलं, कारण खरेदीचे बरेचसे प्रश्न यातूनच सुटतात. पूड वाळत नाही. त्यामुळे महिन्यातून चार पानं छापणाऱ्या घरालाही लेझर सोयीचा; इंकजेटची शाई तेवढ्या काळात तोंडाशी सुकून बसू शकते. फोटो छापायचे असतील तर मात्र इंकजेटच घ्या. आणि तो रोलर तापताना एकदम खूप वीज ओढतो, म्हणून लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका, भिंतीतल्या सॉकेटला थेट जोडा.

आता पैशांकडे येऊ, कारण फसगत इथंच होते. आपण यंत्राची किंमत पाहतो, खर्च मात्र पानागणिक होत राहतो. नव्या प्रिंटरसोबत येणारं कार्ट्रिज (टोनरची डबी) बहुधा ‘स्टार्टर’ असतं, म्हणजे कमी भरलेलं. म्हणून दुकानात आधी नव्या, पूर्ण भरलेल्या कार्ट्रिजची किंमत विचारा आणि तिला पानांच्या संख्येनं भागा. काळ्या टोनरची ही संख्या आयएसओ १९७५२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार मोजतात. त्या चाचणीच्या पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा असतो, म्हणजे एखादं सुटसुटीत पत्र. तुम्ही तक्ते, गडद पट्ट्या, फॉर्म छापणार असाल तर तेच कार्ट्रिज निम्म्यातही संपेल. रंगीत लेझर घेताना हाच हिशेब चार कार्ट्रिजचा करा, आणि एक रंग संपला तर काळं छापता येतं का हे जरूर विचारा. काही यंत्रं तेवढ्यासाठी अडून बसतात.

ड्रमचंही विचारायला हवं. काही प्रिंटरमध्ये तो कार्ट्रिजमध्येच असतो, दर वेळी नवा मिळतो. काहींत वेगळा असतो, टोनर स्वस्त पडतो, पण काही हजार पानांनी ड्रम बदलावा लागतो. आमच्या ऑफिसात एकदा प्रत्येक पानावर काळा ठिपका यायला लागला. मी टोनर बदलला, ठिपका तसाच. दुसरं कार्ट्रिज घातलं, तरी तोच. मग पट्टी घेऊन मोजलं: एकाच पानावर दर साडेनऊ सेंटिमीटरला तोच ठिपका, एकाखाली एक. तो ड्रमचा घेर होता! ड्रमच्या पृष्ठभागावर ओरखडा पडला होता आणि प्रत्येक फेऱ्यात तो कागदावर उमटत होता. दोन चांगली कार्ट्रिज मी विनाकारण काढली होती.

ऑफिससाठी घेणाऱ्यांना आणखी एक सांगतो. माहितीपत्रकात ‘महिन्याला कमाल इतकी पानं’ असा मोठा आकडा असतो. तो यंत्राच्या सोसण्याची हद्द सांगतो. त्याशेजारी ‘शिफारस केलेली पानं’ असा बराच लहान आकडा असतो, आपली गरज त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं यंत्र घ्या, कागद निम्म्यावर येतो. वेग मात्र चार-पाच माणसांच्या ऑफिसला आजकाल कुठलाही पुरतो. वेगासाठी जादा मोजाल त्या पैशात कागदाचा मोठा ट्रे घ्या, म्हणजे दर तासाला उठून कागद भरावा लागणार नाही.