डब्यातलं नायट्रिक ऑक्साइड

नमस्कार श्रोतेहो.

'नायट्रिक ऑक्साइड बूस्टर' असं लिहिलेले डबे हल्ली जिमवाल्या मुलांच्या घरी दिसतात आणि तिथून ते बीपीची गोळी घेणाऱ्या वडिलांच्या हातातही जातात. डब्यात नायट्रिक ऑक्साइड नसतंच, तो वायू आहे. असतो तो कच्चा माल: आर्जिनिन, सिट्रुलिन ही अमिनो आम्लं आणि जोडीला सी, ई ही जीवनसत्त्वं.

रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी आर्जिनिनपासून हा वायू बनवतात, मग वाहिनीचा स्नायू सैलावतो. या शोधांसाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळीही याच वायूच्या जोरावर काम करते.

मग नुसतं आर्जिनिन का पुरत नाही? गिळलेलं बरंचसं आर्जिनिन आतडं आणि यकृत वाटेतच संपवतात. सिट्रुलिन यकृताला चुकवून पुढे जातं आणि मूत्रपिंडात त्याचंच आर्जिनिन होतं. म्हणून ही जोडी. जीवनसत्त्वांचं काम वेगळं. तयार झालेल्या वायूला सुपरऑक्साइड नावाचा रेणू चटकन गिळून टाकतो. सी, ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांनी त्या सुपरऑक्साइडला आवरायचं, असा हिशेब. पण सुपरऑक्साइड सी जीवनसत्त्वापेक्षा नायट्रिक ऑक्साइडलाच कितीतरी पटींनी लवकर पकडतो. त्यामुळे गोळीतल्या सीची या शर्यतीत डाळ फारशी शिजत नाही. त्याचा खरा उपयोग वायू बनवणाऱ्या यंत्रणेतला एक नाजूक घटक टिकवण्यात असावा.

भरपूर कोलेस्टेरॉल असलेलं खाद्य दिलेल्या सशांवर हे मिश्रण वापरलं, तेव्हा रक्तवाहिन्यांत मेद साठण्याचा वेग मंदावला. २००५ च्या या अभ्यासाच्या लेखकांत इग्नॅरोही होते. ससे मात्र आपल्यासारखे मधुमेह, बीपी आणि चार गोळ्या घेऊन बसलेले नसतात!

माणसांचं ऐका. २००६ साली अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना रोज तीन वेळा तीन-तीन ग्रॅम आर्जिनिन, बाकीच्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. भरती मध्येच थांबवावी लागली, आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही कमी झाला नव्हता. सहा हा आकडा लहान आहे, योगायोगही असू शकेल. तरी अटॅक येऊन गेलेल्याने हा डबा उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डबाच डॉक्टरांकडे न्या, मागचं लेबल त्यांना वाचू द्या. सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनी लैंगिक दुर्बलतेची सिल्डेनाफिल गोळी तर मुळीच घेऊ नये. रक्तदाब धोकादायक पातळीवर कोसळतो.

आणि पालक, बीट जरूर खा. त्यातल्या नायट्रेटचं रूप तोंडातले जीवाणू बदलतात आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरणाऱ्यांचे ते जीवाणूच मरतात.