पंचनाम्याला काय दाखवायचं?

(दृश्य: पहाट. सोयाबीन निघालेलं रान. जाळीच्या वाडग्यात दाटीनं उभी मेंढरं. एक मेंढी सारखी ओरडते आहे.)

ही मेंढी मध्यरात्रीपासून ओरडतेय.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं हे रान. सोयाबीन निघालं आणि रानमालकानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली. परवा दिवस मावळताना धनगराचा वाडा, म्हणजे त्यांचं फिरतं बिऱ्हाड, इथं उतरला. दीडशेच्या आसपास मेंढरं, दहा-बारा शेरडं, बिऱ्हाड वाहणारी दोन घोडी, तीन कुत्री आणि चार माणसं. काल रात्री त्यातलं एक कोकरू गेलं. अठरा दिवसांचं होतं.

कुत्री भुंकली तसे वाड्यावरचे मामा उठले आणि त्यांनी बॅटरी मारली. एका कोपऱ्यात मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढली होती आणि जाळी भुईला टेकली होती. उजेडात लांडगा दिसला तो पाठमोरा, तोंडात कोकरू घेतलेला. "पळाला बी न्हाई नीट," मामा सांगतात. "निवांत गेला. आपलंच घेऊन चालल्यागत."

(दृश्य: वाड्यावरच्या मावशी मेंढीजवळ बसलेल्या. जवळून.)

आता मावशींकडे बघा. त्या मेंढीची कास तटतटली आहे. पिणारं गेलं, दूध मात्र थांबत नाही. असंच राहू दिलं तर कास सुजेल, दगडासारखी होईल. कळपात एक जुळं आहे, त्याला आईचं दूध पुरत नाही. मावशींनी त्यातलं एक उचललं आणि या मेंढीच्या कासेला लावलं. मेंढीनं वळून हुंगलं, परकं आहे हे तिला कळलं आणि तिनं पाय झाडला. मावशींनी तिची मान दोन्ही गुडघ्यांत धरली, सड पिळून दोन धारा कोकराच्या तोंडावर सोडल्या. कोकरू धरतं, सोडतं, पुन्हा धरतं. मग त्याची शेपूट थरथरायला लागते.

मेंढी ओरडायची थांबलेली नाही. तिची नजर अजून माळाकडेच आहे.

(दृश्य: मातीतला माग.)

माग मामांनीच दाखवला. ओलसर मातीत चार पावलं नीट उठली आहेत. कुत्र्याचं पाऊल गोलसर आणि पसरट, लांडग्याचं लांबट, पुढची दोन बोटं जवळजवळ. कुत्रं इकडं हुंगतं, तिकडं फिरतं, त्याचा माग नागमोडी जातो. लांडगा एका रेषेत जातो, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर टाकत. ही रेषा बांधावरून, ओढ्यातून, करडईच्या कडेनं जाते आणि पुढं मुरमाड माळ लागला की संपते. तिथल्या कुसळी गवतावर आम्हाला रक्ताचे दोन ठिपके दिसले. बाकी काही नाही. लोकरीचा पुंजकाही नाही.

या दोन ठिपक्यांपाशी आपण जरा थांबू. पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

वन्यप्राण्यानं जनावर मारलं तर महाराष्ट्र शासन भरपाई देतं. वाघ-बिबट्यांच्या बरोबरीनं त्या यादीत लांडगाही आहे. शेळी-मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्के, आणि २०२२च्या शासन निर्णयाप्रमाणे जास्तीत जास्त १५ हजार रुपये. कागदावर हे चांगलं आहे, ते चांगलंच म्हणायला हवं. पण ते पदरात पडायचं तर घटना घडल्यापासून ४८ तासांत वन विभागाला कळवायचं, वनरक्षक येईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, पंचनामा व्हायला हवा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं किंमत ठरवायला हवी.

बिबट्यानं गाय मारली तर गाय तिथंच पडलेली असते. लांडगा कोकरू उचलून नेतो. हलवू नका म्हणतात ते जनावर त्यानंच हलवलेलं असतं. ओढ्याच्या काठी, घाणेरीच्या जाळीत ते संपतं. उरलंसुरलं कोल्हा आणि कावळे नेतात. सकाळी मेंढपाळाकडे दाखवायला असते ती ओरडणारी मेंढी, आणि पंचनाम्यात तिला रकाना नाही.

मामांनी गेल्या वर्षी प्रयत्न केला होता. त्या वेळी करडू अर्धवट खाल्लेलं सापडलं होतं. एका शेतकऱ्याच्या मुलानं फोन लावून दिला. पहिला दिवस गेला, दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. सही करताना विचारणा झाली की हे कुत्र्यानं केलं नाही कशावरून? विचारणाऱ्याचीही चूक नाही, अर्धवट खाल्लेल्या करडावरून ते ठरवणं खरंच अवघड असतं. मग कागद आणा, पासबुक आणा. पासबुक गावाकडं. तोवर रानातलं बसणं संपलं आणि वाडा पुढं निघाला. दीडशे मेंढरांना रोज नवं रान लागतं, ती कागदासाठी थांबत नाहीत. "एक दिस गावाकडं गेलो तर हितं राखायला कोण?" मामा विचारतात. त्यांनी तो नाद सोडला. यंदा ते फोनसुद्धा करणार नाहीत.

म्हणून कालचं कोकरू कुठल्याच नोंदवहीत येणार नाही. भरपाईच्या आकड्यांवरून लांडग्यानं किती नुकसान केलं हे जो कुणी ठरवेल, त्याला हे रान शांत दिसेल.

(दृश्य: बालाघाटाचा माळ. दुपार. उन्हात पिवळं गवत.)

मराठवाड्याला १९७२ म्हटलं की दुष्काळ आठवतो. खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी, मिलो ज्वारी. त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर लांडगा आहे. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. पण वाघाला जंगल मिळालं, प्रकल्प मिळाले, पहारा मिळाला. लांडगा सहसा दाट जंगलात राहत नाही. त्याचं घर म्हणजे हा माळ. पवन्या, मारवेल, कुसळी, मधेच एखादी बोर नाहीतर हिवर. आणि हा माळ सरकारी कागदावर आहे पडीक.

मला हा शब्द फार लागतो. ज्या जमिनीवर दीडशे मेंढरं पोसली जातात, काळवीट चरतं, ससे आणि चंडोल राहतात, ती पडीक कशी? पण कागदावर ती पडीक असल्यानं ती कुणालाही देता येते. कुठं पवनचक्क्यांचे रस्ते, कुठं सौरऊर्जेचं तारेचं कुंपण, कुठं खडी क्रशर. झाडं लावायच्या मोहिमेत तर चांगल्या गवतात खड्डे घेतले जातात, जणू गवत म्हणजे काहीच नव्हतं. गायरानावर भूमिहीन माणसानं पोटासाठी केलेली शेती मी या यादीत धरत नाही. तो हक्काचा लढा आहे आणि मराठवाड्यानं तो फार सोसून लढलाय.

येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य इथून लांब नाही. सुंदर जागा आहे, पण क्षेत्र बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास. लांडग्यांच्या एका कळपाला हिंडायला शे-दोनशे चौरस किलोमीटर लागू शकतात. म्हणजे कुठल्याही अभयारण्याच्या पाटीआड तो मावत नाही. तो शिवारातूनच जाणार, ओढ्याच्या दरडीत नाहीतर खोकडाच्या जुन्या बिळात पिल्लं घालणार, आणि काळवीट, ससा मिळाला नाही की वाड्यावर येणार. पिल्लं होतात बहुतेक हिवाळ्यात. मेंढ्यांच्या वेताचा एक मोठा हंगामही हाच. तिकडं बिळात पिल्लांना मटण हवं असतं, त्याच वेळी इकडं जाळीत कोकरं लडबडत उभी राहात असतात.

भारतात आता लांडगे उरलेत तीन हजारांच्या आसपास. वाघांपेक्षा कमी. जनुकांचा अभ्यास करणारे सांगतात की जगात आज जे लांडगे आहेत, त्यांत आपल्याकडच्या लांडग्याचा वंश सर्वांत जुन्यांपैकी आहे. अंगानं लहान, वीस-बावीस किलोचा, केस विरळ, पाय लांब. उन्हात पळायला घडलेला.

(दृश्य: ओढ्याची दरड. बिळाचं तोंड. आवाज नाही, फक्त वारा.)

हे बीळ आम्हाला चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी सापडलं. बाभळीच्या फांद्या आतपर्यंत कोंबलेल्या. तोंडाशी राख. आतली माती धुरानं काळी झालेली. आम्ही वाकून बघितलं, आत काही दिसलं नाही, आणि आम्ही हात घातला नाही.

हे कुणी केलं ते आम्ही शोधलं नाही. पण अशा गोष्टी होतात हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. बीळ धुरानं कोंडतात, मेलेल्या शेळीवर पिकाचं औषध टाकून ठेवतात. ते खाऊन लांडगा मरतो, कोल्हा मरतो, वाड्याचं कुत्रं मरतं. मला हे चुकीचं वाटतं, आणि ते मी इथं स्पष्ट म्हणतो. पण ज्या बाईची दोन शेरडांपैकी एक उस्मानाबादी शेळी गाभण असताना गेली, तिच्या दारात उभं राहून मला हे म्हणता आलं नव्हतं. शेळी ही गरिबाची गाय म्हणतात. त्या घरात दिवाळीचं कापड शेळीवर येतं, दवाखाना शेळीवर होतो. पंच्याहत्तर टक्के धरले तरी ते आजच्या भावाचे. पोटात वाढत होती त्या दोन करडांचा भाव त्यात नाही.

भीतीही आता नवी आली आहे. २०२४च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांच्या हल्ल्यांत मुलं गेली. ते दुःख खरं आहे. त्याचे व्हिडिओ मोबाइलवरून इथल्या वस्त्यांवर पोचले, आणि तेव्हापासून माळावर तरस दिसलं तरी लांडगा म्हणून दगड उचलले जातात. मामांची हयात माळावर गेली. लांडगा माणसाच्या अंगावर आलेला त्यांनी पाहिलेला नाही. पण मोबाइलमधलं दिसतं, मामांचं कोण ऐकतो?

(दृश्य: मामा जाळी सोडवताना. कुत्र्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा.)

अमेरिकेत पशुपालकांनी आणि सरकारनं मिळून लांडगे जवळजवळ संपवले होते. मग १९९५ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ते कॅनडातून आणून सोडावे लागले, आणि तेव्हापासून तिथं गुराखी आणि लांडगा वाचवणारे यांच्यात कोर्टकज्जे चालू आहेत. त्या भांडणातून एक शहाणपणाची गोष्ट मात्र निघाली. वायोमिंग राज्यात काही भागांत वासरू किंवा मेंढी लांडग्यानं मारल्याचं सिद्ध झालं, की न सापडलेल्या जनावरांपोटी सातपटीपर्यंत भरपाई धरली जाते. कारण मोठ्या रानात सगळं मेलेलं सापडत नाही, हे त्यांनी नियमातच मान्य केलंय.

आपल्याकडे लांडगा बाहेरून आणावा लागला नाही. तो इथंच राहिला, कारण वाड्यावरच्या माणसांनी त्याला राहू दिलं. वर्षाला दोन-चार कोकरं जाणार हे धरूनच धनगराचा हिशेब असतो. जुनी माणसं त्याला लांडग्याचा वाटा म्हणतात. तीन हजार लांडग्यांमागे असे किती वाटे गेले असतील? तो खर्च कुठल्या खात्यानं केलेला नाही. ज्यांच्या नावावर बहुधा शेत नाही, ज्यांची पोरं शाळेपासून तुटतात, त्यांनी तो केलाय. आणि आता चराईचं रान कमी झाल्यावर तोच वाटा त्यांना झेपेनासा झालाय. पूर्वी शंभरातलं एक गेलं तर निभायचं. आता कळपच लहान झालेत.

मग कोकरू सापडलं नाही तरी पोलीस पाटलाची नाहीतर सरपंचाची साक्ष धरायला काय हरकत आहे? मागाचा फोटो आता कुठल्याही मोबाइलवर निघतो. फिरत्या वाड्याला जिथं असेल तिथल्या वनरक्षकाकडे अर्ज देता यावा आणि तोच पुढं चालावा. उंच, मजबूत जाळी मिळावी. ही भुईला टेकते, म्हणून तर कालचं कोकरू गेलं. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. मी कार्यालयात हे बोललो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यानं मान हलवली, मनापासून हलवली. म्हणाले, नियमात बसवायला हवं.

(दृश्य: संध्याकाळ. दुसरं रान. जाळी पुन्हा उभी राहते आहे.)

दुपारी वाडा हलला. पाच-सहा किलोमीटरवर, तुरीच्या कडेला, नवं रान. घोड्यावरून जाळ्या उतरल्या, खुंट्या ठोकल्या. मामांनी या वेळी ओढ्याकडच्या बाजूला जाळी दुहेरी लावली आणि सगळ्यांत लहान कोकरं डालग्याखाली झाकली. डालग्यावर दगड ठेवला. आपली घोंगडी त्यांनी डालग्याला लागूनच अंथरली.

मावशींनी मेंढीची मान पुन्हा गुडघ्यांत धरायला हात पुढं केला, आणि थांबल्या. ते जुळ्यातलं कोकरू आपणहून कासेखाली गेलं होतं. मेंढीनं एकदा हुंगलं. पाय झाडला नाही.

चूल विझत आली तेव्हा माळाच्या अंगानं लांबलचक आवाज आला. तिन्ही कुत्री उभी राहिली. मामांनी बॅटरी हातात घेतली, पण लावली नाही.

"आला का?" मावशींनी अंधारातून विचारलं.

मामा बराच वेळ ऐकत राहिले.

"न्हाई. लांब हाय अजून."