बदली खेळाडू मिळत नाही

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी आयर्लंडहून परत आले असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: लिओ वराडकरांना भेटलात का? नाही भेटले. पण प्रश्न समजू शकते. मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा 2017 मध्ये तिकडचा पंतप्रधान झाला, 2019 च्या डिसेंबरात कुटुंबासह गावी येऊन गेला. आपल्याला त्याचं अप्रूप वाटणारच. मला मात्र त्या आडनावाची आठवण येते ती वेगळ्याच कारणासाठी. आपल्याकडे 'कर' लागला की माणूस कुठला ते कळतं. आयरिश आडनावांना 'कर' लागत नाही, पण तिथला माणूस मनातल्या मनात तो लावूनच हिंडत असतो. केरीकर, मेयोकर, टिरोनकर. आणि हे 'कर' कुठल्या सरकारी कागदावर नसतं, ते मैदानावर असतं. आजचा विषय त्या मैदानाचा आहे, म्हणजे गेलिक फुटबॉल या त्यांच्या खेळाचा आणि तो सोडून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या पोरांचा.

डब्लिनच्या एका उपनगरात आम्ही अकरा वर्षं राहिलो. मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "याला शनिवारी क्लबात का नाही पाठवत?" मला वाटलं, फी किती असेल, गणवेश किती असेल. गेले तर मैदानावर चिखल, झिमझिम पाऊस, चाळीसेक पोरं, आणि त्यांना शिकवणारा माणूस आठवडाभर लोकांच्या घरातली वायरिंग दुरुस्त करणारा. त्याला या शिकवण्याचा एक छदामही मिळत नव्हता. तिसऱ्या शनिवारी त्याने माझ्या हातात थर्मास दिला आणि म्हणाला, चहाचं तुम्ही बघा. झाले मी क्लबची सभासद.

पोरांना पहिल्या दिवशी जे शिकवलं ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. गेलिक फुटबॉलचा चेंडू गोल असतो, हातात धरता येतो. पण धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. मग एकतर तो जमिनीवर आपटून परत घ्यायचा, नाहीतर पळता पळता बुटाच्या टोकावर सोडायचा आणि टोकानेच उडवून पुन्हा हातात घ्यायचा. याला ते 'सोलो' म्हणतात. लागोपाठ दोनदा आपटायची मुभा नाही, म्हणून सोलो यावाच लागतो. सहा वर्षांच्या पोराला तो येत नाही. चेंडू नाकावर आदळतो, शेजारच्याच्या पोटात जातो. दोन हिवाळे गेले की एक दिवस अचानक जमतो, आणि मग पोरगं दूध आणायलाही सोलो करत जातं. थोडक्यात, हा खेळ पोरांना तीन गोष्टी लहानपणीच शिकवतो: पळता पळता चेंडू पायावर सोडणं, तो लांब मारणं, आणि गर्दीत उडी घेऊन डोक्यावरून झेलणं.

आता या तिन्ही गोष्टींची गरज असलेला दुसरा एक खेळ जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू लंबगोल, मैदान अवाढव्य, बाजूला अठरा खेळाडू. आणि तिथे पगार मिळतो.

आयर्लंडात गेलिक खेळांचं व्यवस्थापन बघणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, सगळे तिला जीएए म्हणतात, 1 नोव्हेंबर 1884 ला थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजांचे खेळ नकोत, आपले हवेत, हा त्यामागचा विचार. किती कडक? 'परकीय' खेळ खेळणाऱ्यालाच काय, बघणाऱ्यालाही सभासदत्वातून काढायचे. डग्लस हाइड देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. 1938 मध्ये ते सॉकरचा आंतरराष्ट्रीय सामना बघायला गेले, तर जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं! राष्ट्राध्यक्षांचं! ही बंदी उठली 1971 मध्ये. दाराला कुलूप लावून खेळ राखायचा काळ होता तो. गंमत अशी की खेळाडू गेले ते इंग्रजांच्या खेळापायी कमीच. ज्या खेळाचं नाव त्या बंदीच्या यादीत नव्हतंच, त्याने दार उघडलं.

बंदी गेली तरी एक नियम राहिला, आणि माझ्या मते तोच खरा पाया आहे. तुम्ही ज्या चर्चच्या हद्दीत वाढलात, ज्याला ते पॅरिश म्हणतात, त्या क्लबाकडून खेळायचं. त्या क्लबावरून तुमची काउंटी, म्हणजे जिल्ह्याचा संघ, ठरते. घर बदललं तर क्लब बदलायची परवानगी मागता येते, पण पैसे देऊन कुणाला आणता येत नाही. याचं उत्तम उदाहरण डेव्हिड क्लिफर्ड. 2017 मध्ये सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या अंतिम सामन्यात या पोराने एकट्याने चार गोल आणि चार पॉइंट मारले. गोलाचे तीन गुण धरले तर सोळा गुण. तेव्हापासून त्याची आख्खी केरी काउंटी धास्तावलेली होती की ऑस्ट्रेलियावाले हा नेणार. तो राहिला. आज तो देशातला सर्वोत्तम खेळाडू समजला जातो आणि दिवसा शाळेत शिकवतो. आणि त्याचा क्लब कोणता? फॉसा. किलार्नीजवळचं लहानसं गाव. हा क्लब कनिष्ठ, म्हणजे खालच्या दर्जाच्या क्लबांच्या, गटात खेळायचा, आणि जानेवारी 2023 मध्ये त्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद डेव्हिड आणि त्याचा भाऊ पॉडी यांनी गावाला मिळवून दिलं. सॉकरमध्ये असला खेळाडू सोळाव्या वर्षीच माद्रिदला गेला असता. इथे तो फॉसाकरच.

मग जातात ते का जातात, आणि कसे?

मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक रॉन बरासी यांना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वाटलं की आयरिश पोरांना उंची, झेल आणि दम आहे, लंबगोल चेंडू मारायचं तंत्र तेवढं शिकवू. आयरिश वर्तमानपत्रात शिष्यवृत्तीची जाहिरात दिली. डब्लिनच्या ज्या मुलाने अर्ज केला तो जिम स्टाइन्स. 1984 मध्ये तो डब्लिनकडून लहान वयोगटाचं ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधलं राष्ट्रीय विजेतेपद, जिंकून मोकळा झाला होता. 1987 मध्ये मेलबर्न क्लब अंतिम सामन्याच्या दारात उभा. 1964 नंतर तिथवर कधी पोचलाच नव्हता. शेवटचे क्षण, मेलबर्न चार गुणांनी पुढे, समोरच्या हॉथॉर्न क्लबाच्या बकनाराला फ्री किक मिळालेली, पण गोल फार लांब. आणि स्टाइन्स त्याच्या समोरून धावत गेला. तिथल्या नियमात तसं ओलांडून जाता येत नाही. पंचांनी बकनाराला पंधरा मीटर पुढे आणलं, भोंगा वाजला, आणि त्याने गोल मारला. सहा गुण. खेळ लहानपणापासून खेळलेल्या ऑस्ट्रेलियन पोराचे पाय तिथे आपोआप थांबले असते. स्टाइन्सचे थांबले नाहीत, कारण ते डब्लिनमध्ये शिकले होते. मला ही एक चूक सगळ्या विषयाचं सार वाटते: कौशल्य विमानाने नेता येतं, सवय नेता येत नाही. पण हाच स्टाइन्स 1991 मध्ये तिथला सर्वोच्च मान, ब्राउनलो पदक, घेऊन गेला. सलग 244 सामने खेळला, तो विक्रम आजही आहे. मेलबर्न क्लबचा अध्यक्षही झाला. 2012 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला तेव्हा मेलबर्नने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला.

त्याच्यानंतर वाट मळली. आता ऑस्ट्रेलियन क्लबांना परदेशी खेळाडू नवख्यांच्या वेगळ्या यादीत घेता येतो, त्यासाठी ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या पद्धतीतली, आपली पाळी खर्चावी लागत नाही. म्हणजे आयरिश पोरगा त्यांना जवळजवळ फुकटात पडलेलं लॉटरीचं तिकीट. लागलं तर लागलं. आणि पोराला? एकोणिसाव्या वर्षी पगार, डॉक्टर, आहारतज्ज्ञ, ऊन. इकडे काउंटीचा खेळाडू आठवड्यातून चार-पाच वेळा सराव करतो, जिम करतो, रात्री दहाला घरी येतो आणि सकाळी कामावर जातो. त्याला प्रवासखर्च मिळतो आणि सरकारकडून थोडं अनुदान. तो ज्या क्रोक पार्कवर खेळतो तिथे 82,300 माणसं मावतात. तिकिटं विकली जातात, टीव्हीचे हक्क विकले जातात, कार्यालयातले लोक पगार घेतात. काही गावांत प्रशिक्षकाला पाकीट मिळतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच मोठ्याने बोलत नाही. खेळणारा तेवढा फुकट. मला यात ढोंग दिसतं आणि मी ते तिथेही बोलून दाखवलं आहे. चहा देणाऱ्या बाईला तेवढा हक्क असतो.

पण एक लक्षात घ्या. जाणाऱ्यांचा आकडा मोठा नाही. पुरुषांच्या लीगमध्ये एका वेळी साधारण डझनभर आयरिश असतात. मग एवढी ओरड का? कारण मघाचा नियम. लिट्रिम काउंटीची लोकसंख्या पस्तीस हजार. डब्लिन काउंटीची साडेचौदा लाख. डब्लिनचा एक गेला तर मागे दहा उभे आहेत. लिट्रिमसारख्या काउंटीतून वीस वर्षांत एखादाच तसा निपजतो, आणि तो गेला की ती जागा विकत भरता येत नाही. सॉकर क्लबाचा पोरगा गेला तर निदान पैसे येतात, त्यातून दुसरा आणता येतो. इथे विकायला करारच नाही. जो नियम खेळाला गावाशी बांधून ठेवतो, तोच नियम गावाला एका पोराच्या जाण्याने उघडं पाडतो.

आणि गेलेले परत येतात का? पुष्कळ येतात. टायग केनेली केरीतल्या लिस्टोलचा. वडील टिम केनेली, पाच ऑल-आयर्लंड पदकं मिळवलेले. टायग 2005 मध्ये सिडनी स्वान्सकडून विजेता ठरला, बहात्तर वर्षांनी त्या क्लबाला विजेतेपद मिळालं होतं. पदक घ्यायला मंचावर गेला आणि तिथेच आयरिश नाच केला. त्याच डिसेंबरात वडील वारले. तो 2009 मध्ये पगार सोडून घरी आला, केरीकडून खेळला, ऑल-आयर्लंड जिंकला. आणि पुन्हा सिडनीला गेला. टिरोनचा कॉनर मकेना उलट्या क्रमाने: एसेंडन क्लबात सहा हंगाम, घरची ओढ सोसवेना म्हणून 2020 मध्ये परत, 2021 मध्ये टिरोनकडून ऑल-आयर्लंड. मग पुन्हा ऑस्ट्रेलिया, आणि 2024 मध्ये ब्रिस्बेनकडून तिथलंही विजेतेपद. डेरीचा कॉनर ग्लास हॉथॉर्नहून आला आणि जानेवारी 2024 मध्ये ग्लेन या आपल्या क्लबाला राष्ट्रीय विजेता करूनच थांबला. पण सगळ्यांचं असं नाही. केरीचा टॉमी वॉल्श विजेत्या संघातून गेला, तिकडे त्याच्या मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला. दुखापत झालेल्या पोराला ज्या गावाने मोठं केलं, तेच गाव परत घेतं.

बायकांचं गणित आणखी सरळ आहे. ऑस्ट्रेलियात महिलांची लीग 2017 मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मेयोची कोरा स्टॉन्टन, चार ऑल-आयर्लंड जिंकलेली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिथे व्यावसायिक खेळाडू म्हणून उतरली. छत्तिसाव्या! आता तीसहून अधिक आयरिश मुली त्या लीगमध्ये आहेत, पुरुषांच्या दुपटीहून जास्त. सुरुवातीला हंगाम वर्षाच्या पहिल्या महिन्यांत असायचा, तेव्हा दोन्ही दगडांवर पाय ठेवता यायचा. 2022 पासून तो ऑगस्टमध्ये, घरच्या हंगामाला खेटून आला आणि निवड करावी लागली. घरी काय होतं? 2023 मध्ये काउंटीच्या महिला खेळाडूंनी निषेध नोंदवून सामने खेळले. मागणी होती प्रवासखर्चाची, डॉक्टरची, धड मैदानाची. पुरुषांना न मागता मिळणाऱ्या गोष्टी. पोरी का जातात याची चर्चा करायला समित्या कशाला हव्यात मला कळत नाही. महिलांची संघटना 1974 पासून वेगळी आहे, ती 2027 पर्यंत जीएएत विलीन करायचं ठरलं आहे. बघू.

आता आमच्या शेजारच्या गृहस्थांचं सांगते आणि थांबते. ते मेयोचे. मेयोने शेवटचं ऑल-आयर्लंड 1951 मध्ये जिंकलं, त्यानंतर अंतिम फेरीत हरण्याचाच जणू त्यांनी वसा घेतला आहे. 2020 आणि 2021, दोन्ही वर्षी हरलेल्या संघात उशीन मलिन होता, आणि दोन्ही वर्षी देशातला सर्वोत्तम तरुण खेळाडू तोच. त्याने एकदा ऑस्ट्रेलियातल्या जीलॉन्ग क्लबाकडे जायचं ठरवून बेत बदलला, मेयोत आनंदीआनंद झाला. वर्षाअखेर तो गेलाच. आमच्या शेजाऱ्यांनी महिनाभर त्याचं नाव काढलं नाही. मग एका शनिवारी पहाटे मी पाणी प्यायला उठले, तर समोरच्या स्वयंपाकघरात दिवा. पावणेपाच वाजलेले. मला वाटलं कुणी आजारी आहे. दार ठोठावलं, तर हे कोट घालून टेबलाशी, समोर फोन, फोनवर जीलॉन्गचा सामना. ऑस्ट्रेलियात दुपार होती.

"तुम्ही तर रागावला होतात," मी म्हटलं.

"रागावलोच आहे," ते म्हणाले, आणि स्क्रीनवरून नजर न काढता माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

चहा झाला. मध्यंतरात मी विचारलं, समजा उद्या हा परत आला, तर मेयोला होईल का उपयोग?

ते जरा दुखावल्यासारखे झाले. "मेयोचं नंतर बघू," म्हणाले. "आधी किलमेनकडून खेळेल तो. किलमेनचा आहे."