साठ टक्क्यांची चाळणी

अध्यक्ष महोदय आणि उद्योजक मित्रहो,

अभियंत्यांच्या तुटवड्याच्या काळात लहान कारखान्यांनी भरती कशी करावी, हा आजचा विषय आहे. सांगली-कुपवाड, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठल्याही वसाहतीत दोन कारखानदार भेटले की ऑर्डरीच्या आधी माणसांचा विषय निघतो. फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, मेथडिंगचा, म्हणजे साच्यात धातू कसा भरायचा आणि कसा गोठवायचा हे ठरवणारा, अभियंता मिळत नाही, सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) प्रोग्रॅम लिहून पहिला जॉब स्वतः सेट करणारा मुलगा मिळत नाही आणि मिळालाच तर वर्षभरात चाकणच्या मोठ्या कंपन्यांची वाट धरतो. ही तक्रार खरी आहे आणि मीही ती करत आलो आहे. तरीही माझे ठाम मत आहे की या तुटवड्यातला बराचसा भाग आपण स्वतः, अर्ज वाचतानाच, तयार करतो.

दहावीपासून पदवीपर्यंत सलग किमान साठ टक्के, शिक्षणात खंड नको, इंग्रजी अस्खलित हवे. आपण हसलात, म्हणजे या अटी आपल्याही जाहिरातीत असणार! मोठ्या कंपन्यांकडे हजारोंनी अर्ज येतात, त्यांना गाळण्यासाठी काहीतरी सोपे माप लागते. आपल्याकडे मोजके अर्ज येतात आणि तरी आपण तीच चाळणी लावतो.

आमच्या फाउंड्रीतली गोष्ट सांगतो. मेथडिंगसाठी माणूस हवा होता. भरतीचे काम एका संस्थेकडे दिले होते आणि तिने पाठवलेल्या यादीतले सर्व उमेदवार कागदावर उत्तम होते. त्याच सुमारास आमच्या पॅटर्नमेकरने, म्हणजे साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या कारागिराने, त्याच्या गावातला एक मुलगा आणला. यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा, दहावीला ५८ टक्के, आणि वडिलांच्या आजारपणात शेती सांभाळल्यामुळे दोन वर्षांचा खंड. त्या संस्थेने त्याचा अर्ज आधीच बाजूला काढला होता, हे नंतर कळले.

मुलाखतीच्या टेबलावर मी एक नाकारलेली व्हॉल्व्ह बॉडी ठेवली होती. मशीनिंग झाल्यावर फ्लँजच्या, म्हणजे जोडणीच्या जाड कडेच्या, मुळाशी पोकळी उघडी पडली होती. दोष कशामुळे आला असेल, एवढेच मी प्रत्येकाला विचारत होतो. बहुतेकांनी वाळूतल्या ओलाव्याचे आणि वायूचे कारण सांगितले आणि त्यावर चांगले बोललेही. या मुलाने कास्टिंग उचलले, खिडकीच्या उजेडात धरले आणि पोकळीच्या आतून नख फिरवले. ‘‘सर, हे आतून खडबडीत लागतंय. वायूमुळे झालेलं भोक गुळगुळीत असतं. हे श्रिंकेज आहे. रायझर कुठे होता?’’ श्रिंकेज म्हणजे धातू गोठताना आकसल्याने पडलेली पोकळी आणि रायझर म्हणजे ती भरायला वितळलेला धातू पुरवणारा साठा. तो दुसऱ्या टोकाला होता. मधली भिंत पातळ असल्याने ती आधी गोठत होती आणि जाड फ्लँजला धातूचा पुरवठा तिथेच तुटत होता. फ्लँजजवळ दुसरा रायझर द्या किंवा चिल, म्हणजे तो भाग लवकर गोठवणारा धातूचा तुकडा, बसवा, असे त्याने सुचवले. आम्ही चिल बसवली आणि दोष गेला. आज आमचे मेथडिंग तोच पाहतो. हे सगळे तो मराठीत बोलला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारून त्याच्या अडखळण्यालाच अज्ञान मानणे हा मी अन्याय समजतो.

यात नवीन काही नाही. याच सांगली जिल्ह्यात १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तयार अभियंते मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक अभियंता झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपवले. पुढे सुमंत मुळगावकरांनी पुण्यात टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) काम १९६६ मध्ये सुरू केले, तेव्हा आधी यंत्र-अवजारांचा विभाग आणि प्रशिक्षण यांवर जोर दिला. तिथून वाहने बाहेर पडली ती १९७७ च्या सुमारास. एवढा धीर आपल्याला परवडणारा नाही, हे मला मान्य आहे, परंतु माणूस घडवण्याचा खर्च हा भांडवली खर्च आहे, ही त्यांची दृष्टी आपल्यालाही घेता येते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे राहिली आहेत आणि मुख्य मुद्दे अजून बाकी आहेत, म्हणून ते थोडक्यात मांडतो.

जाहिरातीत पदवीच्या आधी काम लिहा. ‘कास्टिंगचे गेटिंग आणि रायझर ठरवणे, नाकारलेल्या मालाची कारणे शोधणे’ असे लिहिले की ज्याला ते येते तो ओळखतो. मुलाखत शॉपफ्लोअरवर घ्या आणि समोर ड्रॉइंग, मायक्रोमीटर किंवा बिघडलेला जॉब ठेवा.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ पासून आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि चार माणसांचा कारखानाही स्वेच्छेने ते घेऊ शकतो. पदवीधर व पदविकाधारक उमेदवारांच्या किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. आपल्यातले बरेच जण याकडे कागदी कटकट म्हणून पाहतात, परंतु वर्षभर माणूस हाताखाली पाहून मग नोकरी द्यायची इतकी चांगली संधी दुसरी नाही.

शिकवलेला मुलगा सोडून गेला तर? काही जाणार, हे धरूनच चालावे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची पद्धत मात्र ताबडतोब बंद झाली पाहिजे. ती अन्यायाची आहे आणि तिची बातमी कॉलेजच्या पुढच्या तुकडीपर्यंत पोहोचतेच. त्याऐवजी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पगार किती होईल आणि कोणते मशीन हाती येईल, हे नेमणूकपत्रातच लिहून द्या. डिप्लोमाच्या मुलाला नोकरी करत पदवी घ्यायची असेल तर त्याच्या पाळ्या कॉलेजच्या वेळेनुसार लावा. चाकणच्या पगाराची बरोबरी आपण करू शकत नाही, पण घरचे जेवण, गावातले घर आणि शिकण्याची हमी या तिन्ही गोष्टी मिळून बऱ्याच मुलांना थांबवतात.

शेवटची विनंती संघटनेला आहे. एकट्या कारखान्याला प्रशिक्षक ठेवणे परवडत नाही, पाच-सहा फाउंड्र्यांनी मिळून एक निवृत्त मेथडिंग अभियंता ठेवला तर सहज परवडेल. आमच्या पॅटर्न शॉपशेजारची खोली या वर्गासाठी मी देतो. ज्यांना यात यायचे आहे त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर आपली नावे सचिवांकडे द्यावीत.