सकाळी गाडी काऊन चालू होत नाई

नमस्कार मंडळी. मांगचे पोट्टे समोर या, फॅन इकडंच आहे. मले विषय देला "डिझेल गाडी सकाळी चालू न होण्याची कारणे व निदान". निदान म्हटलं की डॉक्टर झाल्यासारखं वाटते, पण माह्या नखातला काळा पाहा अन् मंग बोला.

आपल्याकडं गाडी सकाळी पकडली नाई की पयले बॅटरीवर नाव, मंग सेल्फवर, अन् तेबी झालं की "थंडीनं डिझेल गोठलं जी". राजेहो, डिझेल गोठायले लडाख पाहिजे! तिकडच्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये हिवाळ्याचं वेगळं डिझेल काढलं, उणे ३३ डिग्रीलेबी वाहते. आपलं हिंगणघाट कुठं अन् ते कुठं, इथं मे महिन्यात बोनेटवर पापड भाजते. आता थंडीचा काहीच हात नाई असं मी म्हणत नाई, बॅटरी ढिली पडते, ऑइल जाड होते, थंड्या इंजिनले आतून गरम करणारा हीटर प्लग गेला असंन तर अजून त्रास. पण सेल्फ मस्त फिरून राहिला अन् इंजिन पकडत नाई, तर माहा पयला संशय डिझेलच्या पाईपात घुसलेल्या हवेवर.

आता माहीच फजिती सांगतो. जुना मेटाडोर होता माह्याकडं. डिसेंबर महिना, कापूस भरून रात्री मार्केट यार्डात लाइनीत लागलो. गेटाजवळ चढ आहे, नेमका त्या चढावर माहा नंबर अटकला, गाडीचं तोंड वर. कापसावरच झोपलो, त्याच्यासारखी गादी नाई. पहाटे लाइन सरकली अन् मी सेल्फ मारून राहिलो, गुर्र गुर्र गुर्र, इंजिन फिरते पण पकडत नाई. मांगचा हॉर्न वाजवून राहिला, त्याच्या मांगचाबी. एक जण खाली उतरून खिडकीत येऊन इचारते, "काऊन मिस्त्री, तुमचीच बंद?" त्या "मिस्त्री"त असा ठेचा होता ना भाऊ, अजून झोंबते. चढावर धक्का कोण मारते, शेवटी समोरच्या ट्रॅक्टरले दोर बांधून ओढत नेली तेव्हा कुठं पकडली, अन् पांढरा धूर असा सोडला की दहा मिनिटं कोणाले कोणी दिसंना.

मंग मी तेच केलं जे तुमाले करू नका म्हणतो. नवी बॅटरी घेतली. सेल्फ खोलला, बुश बदलले. इंजिनात डिझेल फवारणारे नोजल तपासायले पाठवले, डिझेलचा पंपबी खोलून घेतला, बिल किती झालं ते सांगत नाई, घरची मंडळी समोर बसली आहे. आठ दिवस गाडी बरी चालली, मी म्हटलं जमलं. नवव्या दिवशी दारात पाव्हण्याची गाडी उभी, म्हणून मेटाडोर उलटा लावला, सकाळी पुन्हा गुर्र गुर्र. तेव्हा कुठं टाळकं उघडलं! आठ दिवस मी गाडी उतारावर तोंड खाली करून लावत होतो, कारण ज्याले एकदा धक्का मारायची पाळी आली तो माणूस उतार पाहूनच गाडी लावते. तोंड खाली असलं की चालू, तोंड वर असलं की बंद. बॅटरीले चढ-उतार काय समजते सांगा!

ट्रॅक्टरची टाकी बहुतेक वरच असते, डिझेल आपोआप उतरते, पाईप ढिला असंन तर बाहेर थेंब दिसते. मेटाडोरची, पिकअपची टाकी खाली चेसिसले, तिथून फीड पंप डिझेल ओढून आणते. ओढणाऱ्या पाईपले चीर असली तर थेंब गळत नाई, उलट हवा आत जाते. उसाचा रस पिऊन राहिले अन् नळीले चीर पडली तर रस सांडते काय? नाई, तोंडात हवा येते. रात्रभर तिथून हवा घुसते अन् डिझेल उतरून टाकीत वापस. तोंड वर असलं की टाकी अजूनच खाली जाते. चोर कोण निघाला? फिल्टरले पाईप जोडायचा जो पोकळ बोल्ट असते, बेंजो बोल्ट म्हणते त्याले, त्याच्याखालचा तांब्याचा वायसर. जुनाच वायसर वापस टाकून तो बोल्ट कसला कोणी? म्याच!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरले म्हणे, अन् तर्री-पोहे थंडे होऊन राहिले. मंग भराभर सांगतो, पोट्टेहो लिहून घ्या.

सेल्फ मारताना सायलेन्सर पाहा. धूरच नाई तर डिझेल पोचून नाई राहिलं. पांढरा धूर भरपूर, तर पोचते पण जळत नाई, मंग हीटर प्लग, नोजल, टायमिंग म्हणजे डिझेल फवारायची वेळ, अन् कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरात हवा दाबायचा जोर, हे पाहा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी डिझेल वर चढवायचा हातपंप दाबा, आधी पोकळ लागला, मंग टाइट झाला अन् गाडी पटकन पकडली तर हवाच आहे. टाकी ते फीड पंप हातभर पारदर्शक नळी लावा, बुडबुडे दिसतीन. कॅन उंच टांगून तिथूनच डिझेल द्या, मस्त चालू झाली तर दोष टाकीकडच्या पाईपात. चालू होऊन थोड्या वेळानं मरते अन् टाकीचं झाकण उघडलं की सुंऽऽ होते, तर झाकणाचं हवा जायचं भोक बुजलं. फिल्टरखालचं पाणी काढत जा.

थंडी गाडी पकडते अन् गरम पकडत नाई, तर जुन्या रोटरी जातीच्या डिझेल पंपावर ओलं फडकं टाकून पाहा. मंग पकडली तर पंप झिजला, गरम डिझेल पातळ होऊन आतच निसटते. कॉमन रेलच्या गाडीले, म्हणजे जिथं एकाच जाड नळीतून साऱ्या नोजलले जोरानं डिझेल जाते, तिले मात्र चालू इंजिनवर पाईप ढिला करायचा नाई म्हणजे नाई, प्रेशर हजार बारच्या वरबी जाते, धार चामडी फोडून आत जाते. तिथं चारी नोजलच्या रिटर्नले, म्हणजे उरलेलं डिझेल वापस नेणाऱ्या नळीले, चार बाटल्या लावा, जी लवकर भरली ते नोजल गेलं. अन् गाडी पकडावी म्हणून इंजिनच्या हवेच्या पाईपात पेटता बोळा धरायचं बंद करा बुवा, मिशा जातीन.

हो, अन् गाडी दाखवायले आणायची असंन तर सकाळी चालू करून, गरम करून आणू नका, मले काय दिसंन मंग, कपाळ? रात्रीच माह्या गॅरेजपुढं उभी करून जा. चढ आहे तिथं, तोंड वर ठेवा.