टाचेतलं रक्त की तोंडातली लाळ?

800 ग्रॅमचं बाळ. सातवा महिनाही पुरा भरला नव्हता. त्याच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं साधारण 70 मिलिलिटर. त्यातलं 1 मिलिलिटर काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं 70 मिलिलिटर काढणं. आणि काचेतल्या बाळाची टाच वारंवार टोचावी लागते: साखर, क्षार, कावीळ... असं थेंबथेंब रक्त जाऊन शेवटी बाहेरून भरायची वेळ येते.

अशात एक प्रश्न उभा राहतो. रक्तदाब वाढवणारं डोपामिन चालू आहे, तरी तो चढत नाही. मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी कमी पडतेय का?

शंका रास्त असते. रक्तदाब टिकवायला मदत करणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसं बनवायची या ग्रंथीची तयारी गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत होते, आणि हे बाळ त्याआधीच आलंय. हायड्रोकॉर्टिसोननं, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या कॉर्टिसॉलनं, रक्तदाब सावरतो. पण इंडोमेथासिनसोबत (हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बंद करायला देतात ते औषध) ते दिलं, तर आतड्याला भोक पडायचा धोका वाढतो. म्हणून खात्री हवी.

नेहमीची चाचणी अशी: आधी रक्त, मग ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या सिनॅक्थेनचं इंजेक्शन, अर्ध्या-एक तासानं पुन्हा रक्त. त्यात मोजतात एकूण कॉर्टिसॉल. त्यातलं बहुतेक प्रथिनांना चिकटलेलं असतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही प्रथिनंच कमी. म्हणजे आकडा कमी आला, तरी कामाचं, मोकळं कॉर्टिसॉल पुरेसं असू शकतं. लाळेत उतरतं ते हे मोकळंच. मला लाळेचा खरा फायदा इथे दिसतो. रक्त वाचतं ते वेगळंच.

दूध पाजण्याआधी बारीक शोषक स्वॅब काही मिनिटं बाळाच्या गालात धरायचा. आधीच, कारण आईच्या दुधातही कॉर्टिसॉल असतं. लाळग्रंथी कॉर्टिसॉलचं बरंचसं कॉर्टिसोन, म्हणजे त्याचं निष्क्रिय रूप, करून टाकतात, म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या तपासणीत) दोन्ही मोजलेली बरी. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डॉक्टरांनी तर इंजेक्शनही टाळून नाकातून तेच औषध आणि लाळेची तपासणी अशी जोडी मोठ्या मुलांसाठी तयार केली.

इवल्या तोंडात लाळ मात्र फार थोडी, कधी नमुना पुरतच नाही. रक्तदाब कोसळत असताना अहवालाची वाट बघत बसू नये. तिथे डॉक्टरांनी उपचार सुरू करावेत. पण फुप्फुसांसाठी आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड घेऊन ज्याची ग्रंथी मंदावलेली असू शकते, असं बाळ घरी जायला निघालं, की त्याची ग्रंथी पुन्हा कामाला लागली का, हे बघायला लाळ वापरावी. त्यासाठी कितव्या आठवड्याच्या बाळात किती पातळी नॉर्मल धरायची, हे आधी ठरवायला हवं.